आमच्या गाडीची हनुवटी

काही घरांत किस्सा घडायला बरंच काही व्हावं लागतं. कुणीतरी पळून जावं लागतं, कुणीतरी भर पंगतीत रुसावं लागतं. आमच्याकडे तसलं काही लागत नाही. गाडी नुसती गेटबाहेर काढायची. चौकात पोचेपर्यंत एक किस्सा तयार! इतके साठलेत की आता घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी गाडी कसली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल साधी फियाट असेल. पप्पा श्रीगोंद्याला वकिली करतात. गावात नुकते एसटीडीचे पिवळे बूथ आले होते, तेव्हाची गोष्ट. नगरच्या कॅम्पातले एक लष्करी अधिकारी रिटायर होऊन आपल्या गावी निघाले आणि त्यांची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार पप्पांनी घेतली. लाल रंग, दोन दारं, मागे नावापुरती सीट. उंची इतकी कमी की शेजारी शेळी उभी राहिली तर तीच आपल्याकडे वरून बघते! पुढच्या बंपरखाली फायबरची एक रुंद पट्टी. तिला म्हणायचं स्पॉयलर. आत्या म्हणते हनुवटी. जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर.

"कशासाठी असते ही?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"भरधाव वेगात गाडी हवेत उचलली जाऊ नये म्हणून," पप्पा म्हणाले.

श्रीगोंद्यात! जिथे उसाच्या ट्रॅक्टरमागे लागलं की तिसरा गिअर पडत नाही, तिथे आम्ही हवेत उचलले जाणार होतो!

मी नगरला कॉलेजात असतानाच जीप शिकले, लायसन्स काढलं, बी.कॉम.ही झाले. माझं मागणं एकच होतं, एकदा तरी ही गाडी मला चालवू द्या. पप्पांचं उत्तरही एकच, "तुला पुढच्या भागाचा अंदाज यायचा नाही." ज्यांना अंदाज आहे त्यांनी तोच भाग आमच्या गेटवर, दवाखान्याच्या पायरीवर आणि कोर्टाच्या आवारातल्या झेंड्याच्या कट्ट्यावर फोडलाय. पण ते म्हणे रस्त्याचे दोष!

मला मात्र एक पद मिळालं. गतिरोधक आला की मी उतरायचं, पुढे जाऊन वाकायचं, हनुवटीखाली बघायचं आणि "या... या... थांबा!" असं ओरडायचं. यासाठी बी.कॉम.!

*

आपल्याकडे गतिरोधक काही सरकार करत नाही. गावात कुणाची कोंबडी गाडीखाली गेली की संध्याकाळी गावच मुरूम टाकून मोकळं होतं. मिरजगावच्या अलीकडे असाच एक होता, म्हशीच्या पाठीएवढा. असला उंचवटा सरळ घ्यायचा नाही, तिरका घ्यायचा, ही पप्पांची पद्धत. तिरकी तिरकी म्हणता गाडी रस्त्यात पार आडवी झाली. समोरून एसटी आली, मागून टेम्पो. मी रस्त्यावर वाकलेली, ओढणी धुळीत, "या, या" चालूच.

एसटीच्या ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. कंडक्टर उतरला, माझ्या शेजारी वाकला आणि त्यानेही खाली पाहिलं.

"काय पडलं ताई? कानातलं का?"

"काही पडलं नाही. गाडी घासते."

"मग उचलू की! आमच्याकडं गाडी भरून पॅसेंजर हायेत."

आणि खरंच उतरले हो सगळे! पप्पा आत स्टिअरिंग धरून बसलेले असताना त्यांच्यासकट गाडी उचलून पलीकडे ठेवली. एक बाबा जाता जाता खिडकीत डोकावून म्हणाले, "वकीलसाहेब, बैल बसला तर आमी न्हाई का उचलत? लाजायचं न्हाई!"

*

सुगीत तर विचारूच नका. रस्त्यावर तूर, हुलगा असं काहीबाही पसरून ठेवतात, म्हणजे जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. बाकीच्या गाड्या त्यावरून जातात. आमची वरून जात नाही. आमची ढकलत जाते!

एकदा असा रस्ताभर पसरलेला हुलगा हनुवटीपुढे गोळा झाला. पप्पांनी ब्रेक मारला तेव्हा बॉनेटपुढे हा ढीग! कडेला काठी घेऊन एक आजी बसलेल्या. मी माफी मागायला उतरले. आजींनी ढीग पाहिला, मागचा लखलखीत रिकामा पट्टा पाहिला, मग गाडी पाहिली.

"लई बेस वढलं गं बाई! सकाळधरनं सुनंला म्हनतीया, गोळा कर, गोळा कर." मग काठीने रस्त्याची दुसरी बाजू दाखवली. "आता तेवढी ती कड ऱ्हायलीय. मालकाला म्हनावं, माघारी वळव."

आणि पप्पांनी वळवली! कोर्टात समोरच्याचं एक वाक्य पुरं होऊ न देणारा माणूस, आजींपुढे निमूट दुसरी कडही ओढून आला. वर गाडीत बसल्यावर मलाच ऐकवलं, "बघितलंस? याला म्हणतात अंदाज!"

*

पप्पांचे थोरले भाऊ म्हणजे अण्णा. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा नियम असतो.

"पुढचं वाकतं म्हणजे मागे वजन कमी पडतं. तरफ! सातवीचं विज्ञान आहे हे," अण्णा म्हणाले आणि डिकीत साखरेचं पोतं टाकायला लावलं. पुढचं थोडं उचललं, पण अण्णांचं समाधान होईना. त्यांची नजर घरभर फिरली आणि आत्यावर येऊन थांबली.

आत्या या दोघांची धाकटी बहीण. तब्येतीने भरलेली, स्वभावाने त्याहून. "चल, नगरला फिरवून आणतो" म्हटल्यावर बिचारी खूश झाली. इरकल नेसली, डोळ्याला गॉगल लावला, मागच्या सीटवर कशीबशी शिरली. गाडी निघाली. पहिल्याच उंचवट्यावर हनुवटी सुखरूप गेली आणि मागे सायलेन्सर दणकन आपटला.

"कुसुम, जरा पुढे सरकून बस," अण्णा म्हणाले. "तू बसलीस की पुढचं छान उचलतं, पण मागे जास्तच होतंय. पोतं काढायला हवं होतं."

आत्याच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तिने गॉगल काढला.

"मला पोत्याच्या जोडीला आणलंय होय? पुढे घासलं तर रस्ता वाईट, आणि मागे घासलं तर मी वाईट!"

तिथेच उतरली आणि पुढच्या एसटीने घरी गेली. आम्ही तिच्यानंतर पोचलो.

*

"काढून टाका ना ती पट्टी! बोल्टच तर आहेत," मी एकदा जेवताना म्हणाले. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी कुणाचं नाक कापायला सांगितलं.

"मूळ गाडीचा भाग आहे तो," पप्पा म्हणाले.

मूळ भाग कुठला? तो गाडी घेतल्यापासून महिन्याभरात गेला! नंतरची हनुवटी पप्पांनी नगरला एका फायबरच्या मूर्ती करणाऱ्याकडून करून घेतली. माप दिलं, तुटका नमुना दिला, रंग दाखवला. आठवड्याने माल आला. मजबूत, लालभडक आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कमळाच्या पाकळ्या!

"नुसती पट्टी बोडकी दिसत हुती साहेब," तो म्हणाला. "पाकळ्या आपल्याकडून."

पप्पांना दुसऱ्या दिवशी कोर्टात जायचं होतं, म्हणून तीच बसवली. बाजारतळावर गाडी उभी केली की बायका नमस्कार करून जायला लागल्या. एकीने तर बंपरला हळदकुंकू लावलं. मी संतापून म्हटलं, "आता तरी बदला!"

"राहू दे," पप्पा म्हणाले. "रस्त्यात अडकलो तर हल्ली कुणी शिव्या देत नाही."

*

मला बघायला पुण्याहून एक इंजिनिअर मुलगा आला होता. हे माझ्या मनाविरुद्ध ठरलं होतं, ते असो. मी पोहे घेऊन बाहेर आले तर बैठकीत फक्त मुलाची आई. बाकी मंडळी पोर्चमध्ये! मुलगा, त्याचे वडील, पप्पा आणि अण्णा, चौघेही जमिनीवर ओणवे होऊन गाडीखाली बघतायत. पोहे गार झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी मुलगा हात पुसत आत आला.

"विचारा की मुलीला काही," अण्णा कौतुकाने म्हणाले.

मुलाने जरा विचार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ग्राउंड क्लिअरन्स किती असेल हो?"

"माझा?" मी विचारलं.

स्थळ गेलं. आत्या आठवडाभर माझ्या जिभेवरून मला बोलत होती. पप्पा मात्र हळहळले, "मुलगा चांगला होता. त्याला अंदाज होता."

*

आणि मग अण्णांच्या सुहासचं लग्न. मुलगी शेवगावकडच्या एका खेड्यातली. नवरदेव आमच्या लाल गाडीतूनच मिरवणार, हे मुलगी पसंत पडायच्या आधीच ठरलं होतं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, वाजतगाजत. झेंडूच्या माळा, पुढे बँड.

देवळापाशी गेल्यावर कळलं की नळाचे पाइप टाकायला गावाने तो रस्ता जागोजागी आडवा खणलाय आणि वर मुरुमाचे ढिगारे करून ठेवलेत. मांडवापर्यंत नुसते उंचवटे.

पप्पांनी वळूनही न बघता सांगितलं, "उतर."

मी मागच्या सीटवर पैठणी सावरत बसले होते. "नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! सगळ्या वऱ्हाडापुढे मी रस्त्यावर वाकणार नाही. तुम्हाला अंदाज आहे ना? मग घ्या!"

"ताई, आज नको ना गं!" सुहास मुंडावळ्यांतून कळवळला.

"भांडू नका, मी बघतो," अण्णा म्हणाले. पोट परवानगी देईल तितके ते वाकले आणि हात हलवायला लागले. "येऊ दे, येऊ दे, बिनधास्त येऊ दे..."

कर्रर्र! बँड थांबला. हनुवटीच्या कोपऱ्याची एक पाकळी उडाली.

"अण्णा, चष्मा कुठाय?" पप्पा ओरडले.

"खिशात. फोटोत बरा दिसत नाही."

मांडवातून निरोपावर निरोप यायला लागले. भटजी घड्याळ दाखवत होते. नवरदेवाला चालत न्यावं म्हटलं तर आत्या आडवी, "माझा भाचा पायी मांडवात जाणार नाही!" पप्पांनी पुढचे उंचवटे पाहिले. अण्णांना पाहिलं. जमलेल्या माणसांत एकाच्याही नजरेवर त्यांचा भरवसा नव्हता. आणि एकच माणूस आत बसून बाहेरून वाकू शकत नाही, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं असावं. ते दार उघडून उतरले. किल्ली गाडीतच होती.

"क्लच जपून," एवढंच म्हणाले.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि पुढे जाऊन बसले.

सुहासने डोळे मिटून घेतले. पुढे बँड, मागे करवल्या, आणि गाडीच्या तोंडाशी प्रत्येक उंचवट्यावर पांढऱ्या सफारीत गुडघे टेकून बसलेले श्रीगोंद्याचे नामांकित वकील! "ये... ये... जरा डावीकडे... थांब! हं, आता ये." गाडी ये म्हटल्यावर येत होती, थांब म्हटल्यावर थांबत होती. मांडवापर्यंत एकदाही घासली नाही.

आपल्याकडे नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरला टॉवेल-टोपी द्यायची रीत आहे, त्याचा मान असतो तो. मांडवाच्या दारात नवरीचे मामा ताट घेऊन उभेच होते. ते पुढे आले, खिडकीशी वाकले आणि मला बघून तसेच राहिले.

"ड्रायव्हर कुठं गेला?"

"मीच," मी म्हणाले.

मामांनी टोपीकडे पाहिलं. मग माझ्या गजऱ्याकडे पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, पोरीला टोपी कशी घालायची? खण द्या, नारळ द्या!"

"खणाचा मान करवलीचा असतो, ड्रायव्हरचा न्हाई," दुसरी म्हणाली.

"मग मालकाला द्या की. गाडी त्यांची हाय!"

हे सगळ्यांना पटलं. आत्याने तर पप्पांना पाठीमागून ढकलून पुढेच केलं. मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी उलगडली आणि पप्पांच्या डोक्याकडे नेली.

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. म्हटलं, घ्या, हेही तुम्हीच घ्या!

पप्पांनी मामांचा हात मध्येच धरला.

"टोपी तिची," ते म्हणाले. "टॉवेल तेवढा इकडे द्या. गुडघे पुसायचेत."