मोगऱ्याची वेणी आणि आईचं गंगावन

कुरळे केस किती गोड दिसतात, असं कुणी म्हटलं की मी आधी त्या बाईचे केस बघून घेते. सरळच असतात. ज्यांना ते रोज विंचरावे लागतात त्यांच्या तोंडून असलं काही निघत नाही. माझे केस विंचरताना आमच्या घरी दोन फण्यांचे दात पडले होते आणि आईच्या नाकात दम आला होता. मी तर इतकी किंचाळायची की रस्त्यावरचा भाजीवाला थांबून आत डोकावायचा.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही कानडी मुलखात, बसवनगुडीत राहायचो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच, त्यामुळे घरात मराठी असली तरी तिच्यात निम्मं कन्नड मिसळलेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांच्या पगारात बाटलीतला शांपू बसणं शक्यच नव्हतं, तो आम्ही दुकानाच्या काचेआड बघून घ्यायचो. पण म्हणून केसांची आबाळ झाली म्हणाल तर मुळीच नाही, उलट छळ झाला. दर शुक्रवारी एरंडेल थापायचं, इतकं की ते कानामागून मानेवर उतरायचं. मग शिकेकाई आणि रात्रभर भिजवलेली मेथी. शेवटी शेजारच्या अक्कांच्या कुंपणावरची जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत रस. तो फुकट असल्यामुळे आई सढळ हाताने चोपडायची. शिकेकाई डोळ्यांत गेली की मी न्हाणीघरात थयथयाट करायची आणि आई बाहेर कुणाला तरी सांगायची, काही नाही, केस धुतेय.

गल्लीत आईचा शब्द केसांच्या बाबतीत शेवटचा होता. कारण तिचा अंबाडा! एवढा मोठा, काळाभोर अंबाडा की देवळात बायका तिच्या मागेच बसायच्या आणि उठताना विचारायच्या, काय लावता हो? आई ऐटीत एकेक नाव सांगायची. आता घरातली गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या अंबाड्यात चारातले तीन हिस्से गंगावन होतं. माझ्या वेळच्या बाळंतपणात तिचे केस मूठमूठ गळले होते. तिने तो सगळा गुंतवळ एका डब्यात जपून ठेवला, बट बट सोडवली, धुतली, बांधली आणि त्याचं गंगावन केलं. माझेच तर केस आहेत, म्हणायची, खोटं काय त्यात? पण अण्णांसमोरसुद्धा ती ते काढत नसे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंबाडा घालून मोकळी व्हायची. मलाच तेवढं ठाऊक होतं, कारण मी तिच्या कुशीत झोपायची.

मी दहा-अकरा वर्षांची असताना ठरलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत तिरुपतीला जायचं. लहानपणी मी विषमज्वरातून उठले तेव्हा आईने माझे केस देवाला बोलले होते, ते आता द्यायचे. मला त्याचं काही दुःख नव्हतं, उलट वर्षभर एरंडेलापासून सुटका! पण गोटा होण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती, मोग्गिन जडे. म्हणजे वेणीवर वरपासून खालपर्यंत मोगऱ्याच्या कळ्या शिवायच्या, ठसठशीत दागिन्यासारख्या, आणि स्टुडिओत आरशाकडे पाठ करून फोटो काढायचा, म्हणजे चेहराही दिसतो आणि मागची वेणीही. गल्लीतल्या सगळ्या मुलींचे असे फोटो भिंतीवर होते. माझाच नव्हता. मी हट्ट धरला, जेवण सोडलं, परत धरलं. शेवटी अण्णाच म्हणाले, काढा एकदाचा, नाहीतर तिरुपतीपर्यंत हेच ऐकावं लागेल.

वेणी कमरेपर्यंत लांब हवी, नाहीतर आरशात काय दिसणार? आईने शुक्रवारच्या न्हाणानंतर ओलेच केस माझ्या पाठीवर ओढून धरले आणि अक्कांनी दोऱ्याने मोजले. थेट कमर! मला आभाळ ठेंगणं झालं. इतर दिवशी माझ्या दोन वेण्या तेलात बुडवून, वर दुमडून, रिबिनीत आवळलेल्या असायच्या, त्यामुळे खरी लांबी किती हे आमच्या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. अक्कांनी त्याच दोऱ्याच्या मापाने गांधी बाजारातून कळ्या आणायला सांगितल्या.

फोटोच्या दिवशी तेलाचे डाग फुलांना लागू नयेत म्हणून आईने केस शिकेकाईने दोनदा धुतले. मग मला टोपलीवर केस पसरून झोपवलं आणि खालून धूप दिला. वास काय सुंदर होता! मी डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळाने अक्का आल्या, त्यांनी केसांना हात लावला आणि त्यांच्या तोंडून फक्त "अय्यो" निघालं.

कोरडे, बिनतेलाचे केस आकसून वर गेले होते. वेणी घातली तर ती जेमतेम खांद्यावर टेकली आणि तिचं टोक वर वळून मलाच बघायला लागलं. अक्कांनी ओढलं, सोडलं, परत ते वर. पाण्याचा हात फिरवला, स्वल्प लांब झाली, वाऱ्याने परत आखडली. ताटात कळ्या होत्या आणि उन्हं चढत होती. कळ्या उमलल्या की सगळं संपलं. मी भोकाड पसरलं. तिरुपती चार दिवसांवर होतं, दुसरी वेळ मिळणार नव्हती आणि हे मला पक्कं कळत होतं.

आई उठली, मागच्या पडवीचं दार लावलं, आमच्याकडे पाठ केली आणि अंबाड्याच्या पिना काढायला लागली. अक्का सुई हातात धरून बघतच राहिल्या. आईने ते लांबलचक गंगावन त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे घाला हिच्या वेणीत."

अक्कांनी एकदा गंगावनाकडे पाहिलं, एकदा आईच्या डोक्यावर उरलेल्या सुपारीएवढ्या बुचड्याकडे. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि वेणी घालायला बसल्या. माझं रडणं तिथेच थांबलं.

वेणी झाली! कमरेच्याही खाली, पांढरीशुभ्र, जड. मी मान हलवली की ती पाठीवर दणकायची. मी नाचायलाच लागले. आई म्हणाली, आता अक्कांबरोबर जा, मी घरीच बसते. मी दारात बसकण मारली. तू नाहीस तर फोटो नाही. तिने समजावलं, डोळे वटारले, मी ढिम्म. अखेर तिने डोक्यावरून पदर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि घोड्याच्या जटक्यात बसली. स्टुडिओत फोटोवाल्याने काळ्या कपड्यात डोकं घालून मला न हसण्याची ताकीद दिली, म्हणजे मी हसणारच.

परतल्यावर रिवाजाप्रमाणे वेणी दाखवायला घरोघर जायचं होतं. आमच्याकडच्या बायका डोक्यावर पदर घेत नसत. त्यामुळे पहिल्याच दारात विचारलं, ताप आलाय का? दुसऱ्या दारात आवाज खाली आणून विचारलं, गावाकडे कुणी गेलं का? माझ्या वेणीकडे कुणी बघेचना! तिसऱ्या दारात आईचा तिळपापड झाला.

"कुणी मेलं नाही," म्हणाली आणि तिने पदर खाली घेतला. "माझे केस आज हिच्या डोक्यावर आहेत."

त्या घरच्या काकूंनी आईचा बुचडा पाहिला, मग माझी वेणी हातात घेऊन निरखली. त्यांनी आत जाऊन हळदीकुंकू आणलं, आम्हा दोघींना लावलं आणि आईला माळायला गजरा दिला. आईने तो बुचड्यात खोचला, तो घसरून पाठीवर पडला. परत खोचला, परत पडला. आणि सगळ्यांच्या आधी आईच हसायला लागली, इतकी की तिला तिथेच उंबऱ्यावर बसावं लागलं.