खिडकीतून धरलेली जागा

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच. हसा, पण चहा सांडू नका. माझ्याइतका येडपट मामा अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

माझ्या भाचीचं, राणीचं लग्न होतं. नांदूरघाटला, संध्याकाळच्या मुहूर्तावर. आमच्याकडे मामाने आणलेली पिवळी साडी नेसून नवरी बोहल्यावर चढते आणि मंगलाष्टकं चालू असताना मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. राणीला मामा एकच. मी! लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिलेली. लग्न ठरल्यापासून फोनवर एकच घोषा, "मामा, तुमीच पाठीशी पायजेत बरं का!"

तर पुण्याहून साडी घेऊन दुपारी बीडच्या स्टँडवर उतरलो. नांदूरघाटची गाडी लागलेली, दाराशी ही झुंबड! मग काय केलं? आपल्याकडे चालायला लागल्यापासून शिकवतात तेच. खिडकीतून हात घालून जागा धरली. रुमालाला हल्ली कुणी भीत नाही, म्हणून सरळ बॅगच सीटवर टाकली. साडीसकट!

"किती येळ हाय हो?" कंडक्टरला विचारलं.

"डायवर जेवायलाय. निघतावच."

मी 'जेवायलाय' तेवढं ऐकलं. बाकीचं कशाला ऐकू? जागा धरली म्हणजे गाडीच धरली, असा आपल्या माणसाचा ठाम समज. बॅग आत असताना गाडी मला सोडून जाईलच कशी?

बरं, बीड बघून किती वर्षं झालेली! गेल्या साली बँकॉकचे बाजार पालथे घातले होते आणि ते सगळ्यांना सांगून सांगून कंटाळा आणला होता. म्हटलं, आपल्याही गावचा बाजार जरा प्रवाशासारखा बघू. बाहेर पडलो तर काय गर्दी! रिक्षांचे हॉर्न, टरबुजांचे गाडे, क्लासेसच्या पाट्या, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. एका गल्लीत नुसत्या बांगड्या, पुढच्या गल्लीत नुसती भांडी. मी आपला मोबाईल वर धरून फोटो काढत चाललोय, गळ्यात कॅमेरा तेवढा नव्हता.

जुन्या बाजारात एका अत्तराच्या दुकानात शिरलो. मालक चाचा दाढीला मेंदी लावलेले, आवाज गोड.

"बैठो भाई. हे बघा, मोगरा."

मनगटावर मोगरा लागला. मग खस लागला. मग गुलाब. मग चहा आला.

"तुमाला जायची घाई तर न्हाई?" चाचांनी विचारलं.

"छे! गाडीत जागा धरलीय ना."

"अच्छा!" चाचा हसले. "फिर तो गाडी तुमारीच हुई!"

तेवढ्यात अक्काचा, म्हणजे राणीच्या आईचा फोन.

"दिगू, कुठंवर आलास?"

आता खरं सांगायचं की नाही? पण जीभ घसरली. "गाडीत बसलोय, अक्का. खिडकीची जागा हाय!"

"मग नीट ये. शेजारच्या बाबुरावला फाट्यावर उभं करते."

स्टँडवर परतलो, तर फलाट मोकळा! गाडी नाही, बॅग नाही, साडी नाही. रिक्षा केली आणि मांजरसुंब्यापर्यंत गाडीच्या मागे पळालो. तिथल्या ढाब्यावरचा माणूस म्हणाला, "नांदूरघाटची? कवाच गेली की!"

मग मात्र अक्काला फोन लावावाच लागला.

"अक्का, बॅग गाडीत हाय. मी न्हाई."

"आन मघाशी कोण बसलं व्हतं बे?"

सख्ख्या भावाला बहीण 'बे' म्हणाली, यावरून समजा.

शेवटी काळी-पिवळी जीप मिळाली, पण ती भरल्याशिवाय हलेना. मनात म्हणत होतो, आपल्याकडे कुठलं लग्न वेळेवर लागतं? माणसं जेवून घरी गेली तरी नवरदेव मारुतीच्या पारावरच असतो! पण माझं नशीब बघा. तेवढं एकच लग्न वेळेवर लागलं.

मांडवात शिरलो तेव्हा पायाखाली अक्षता होत्या. पिवळ्या साडीतली राणी समोर आली. वाटलं, बोलेल, भांडेल. तिने फक्त नाकाला पदर लावला.

"मामा, लई वास यायलाय अत्तराचा," म्हणाली आणि रडायला लागली.

मीही रडलो. खोटं कशाला सांगू?

बाबुरावांनी नंतर सगळं सांगितलं. गाडीत इतकी गर्दी, पण बॅगेच्या जागेवर कुणी बसलं नाही. "मानूस येईल," म्हणत आमच्या अक्काच्या सासूबाई मांजरसुंब्यापासून उभ्यानं आल्या, शेजारी बॅग ऐटीत बसलेली! फाट्यावर बाबुरावांनी बॅग उतरवून घेतली, साडी वेळेत पोहोचली, राणी नेसली. मंगलाष्टकं सुरू होताना भटजींनी हाक मारली, "मामा कुठं आहेत?" राणी पाठीमागची जागा कुणालाच देईना. शेवटी बाबुरावांनी तिथे एक खुर्ची मांडली.

अल्बम आजही अक्काकडे आहे. पुढे अंतरपाट, मधे राणी, आणि तिच्या पाठीशी मामाच्या खुर्चीवर माझी निळी बॅग. जागा मी पक्की धरली होती, साहेब. तिथेही.