अँटेना धरणारा माणूस

आम्ही गाव सोडलं तेव्हा स्टेशनवर पोचवायला आलेल्या माणसांना एकाच गोष्टीची काळजी होती. टीव्ही रंगीत आहे का?

ती माणसं म्हणजे तुम्हीच, ज्यांना मी हे पत्र लिहिते आहे. अमळनेरच्या फलाटावर, सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत, आमच्याच वळकट्यांवर बसला होतात. माझ्या वडिलांना, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, तेलाच्या मिलमधून काढून टाकलं होतं, कारण त्यांनी मजुरांच्या बाजूने पत्रकं छापून वाटली. पत्रकांत मागण्या तुमच्या होत्या. मालकाने बोलावलं तेव्हा मात्र तुमच्यापैकी एकही जण आप्पांच्या शेजारी उभा राहिला नाही. निरोप द्यायला तेवढे सगळे आलात, आम्हाला चहा पाजलात, आणि सुकदेव ठेकेदाराभोवती कोंडाळं करून उभे राहिलात.

सुकदेव आपल्याच पारोळ्याकडचा. सिल्वासाच्या कारखान्यांना माणसं पुरवायचा. काम कसलं, पाळी किती तासांची, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. "आपल्या चाळीत टीव्ही आहे भो," एवढंच तो म्हणाला. "घरबसल्या सिनेमा. तिकीट नाही न काही नाही."

"रंगीत आहे का पण?" माझ्या सख्ख्या काकांनी, नानांनी विचारलं.

"आता तरी काळा-पांढरा आहे."

"मग एवढ्या लांब कशाला जायचं?" नाना म्हणाले आणि सगळे हसले. माय पदराने डोळे पुसत होती. आप्पांच्या काखेत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. तो त्यांनी ट्रंकेत ठेवू दिला नाही. गाडी हलली तेव्हा नाना खिडकीबरोबर पळत आले. मला वाटलं, आता तरी भावाला काही बोलतील. ते ओरडले, "रंगीत आला की कळव रे!"

मी वाचायला शिकले ती याच पत्रकांवर. स्वस्त गुलाबी कागद, मागच्या बाजूला उमटलेली शाई. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य. सिल्वासाच्या शाळेत कोकणातून आलेल्या बाई होत्या. 'माझी शाळा' हा माझा निबंध वाचून त्या म्हणाल्या, "अगं, हा निबंध आहे की मोर्चा?" मी ती शाबासकी समजले. अजूनही तशीच समजते.

सिल्वासाच्या आमली भागातली सुकदेवची चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. पहिली खोली त्याची, आणि तिच्यापुढच्या पडवीत सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत टीव्ही. छपरावर अँटेना लावायला त्याची मनाई. पत्रा फाटतो म्हणायचा. त्यामुळे टीव्हीच्या डोक्यावर आतला अँटेना ठेवलेला: एक जड काळं बूड आणि ओढल्या की लांब होणाऱ्या दोन चकचकीत काड्या. मुंबईचं मराठी पकडायचं तर उंच पाइप आणि बूस्टर लागायचा. आमच्या काड्यांना फक्त जवळच्या छोट्या केंद्रावरून येणारी दिल्ली सापडायची, आणि तीही मुंग्यांनी भरलेली.

माणसाने काडीला हात लावला की मुंग्या कमी व्हायच्या. हात काढला की परत पडदाभर. त्यामुळे चाळीत एक रीतच पडली होती. रविवारी संध्याकाळच्या सिनेमाला कोणीतरी एकाने उभं राहून काडी धरायची. त्याला सिनेमा दिसत नसे. तो टीव्हीला टेकून, लोकांकडे तोंड करून उभा राहायचा आणि लोक त्याच्या बगलेखालून नटीचं रडणं बघायचे. दर रविवारी दुसरा माणूस. लग्न न झालेल्यांवर ही पाळी जास्त यायची.

कोणाच्या हाताने चित्र चांगलं येतं यावरून चाळीत पैजा लागायच्या. आम्ही नवे, म्हणून पहिल्याच रविवारी आप्पांना उभं केलं. त्यांनी नाराजीने दोन बोटं लावली आणि पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. भिकन नावाचा आमचा शेजारी, चाळीचा विदूषक, ओरडला, "अरे, आप्पाचा हात म्हणजे साक्षात दिल्ली! हिरोइनच्या नाकातली चमकीसुद्धा दिसते!"

आप्पांनी हात काढून घेतला. "माणसं बारा तास मशीनपुढे उभी राहतात," ते म्हणाले, "आणि सुट्टीच्या दिवशी या पेटीपुढे बसतात." त्यानंतर कित्येक रविवार ते तिथे फिरकले नाहीत.

कारखाना राखोलीला होता. प्लास्टिकच्या धाग्याला पीळ द्यायचा. मशीनचा आवाज इतका की माणसं घरी येऊनही ओरडूनच बोलत. पाळी बारा तासांची. आप्पांनी आल्यापासून एकच गोष्ट धरली होती: पाळी आठ तासांची करून घ्यायची. त्यासाठी ते रविवारी संध्याकाळी दमणगंगेच्या काठावर सभा बोलवायचे. हाताने लिहिलेली पत्रकं मी खोलीखोलीत देऊन यायचे. लोक ती घ्यायचे, छान अक्षर आहे म्हणायचे आणि पडवीत जाऊन बसायचे. सभेला आप्पा, मी, आणि हिलाल नावाचा आपल्याच गावचा एक शांत पोरगेला कामगार. नदी ऐकायची, बाकी कोणी नाही.

मग एकदा पाळी संपत आली असताना हिलालच्या डोळ्यांवर झापड आली आणि त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. सुकदेवने त्याला दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि गावाकडचं तिकीट काढायला सांगितलं. चाळ हळहळली. दोन दिवसांनी रविवार आला आणि हळहळ पडवीत जाऊन बसली.

त्या रविवारी आप्पा स्वतःहून पडवीत गेले. "आज काडी मी धरतो," म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिकनने त्यांच्यासाठी जागा केली. सिनेमा सुरू झाला, चित्र स्वच्छ. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर, खलनायकाने हिरोच्या आईला खांबाला बांधलं आणि आप्पांनी हात काढला. पडदा मुंग्यांनी भरला.

"आप्पा, हात! हात धरा ना!"

"धरतो. आधी माझं ऐका. तुमच्या सगळ्यांची तोंडं आज पहिल्यांदा माझ्याकडे आहेत."

"त्याची माय मरेल हो तोवर!" भिकन कळवळला.

"ती खोटी माय आहे. हिलालची बोटं खरी होती."

सुकदेव खाटेवर शेंगा सोलत बसला होता. तो म्हणाला, "बोलू द्या भो आप्पाला. सिनेमा कुठे पळतो?" तो एकटाच हसत होता. तेव्हा मला वाटलं, घाबरून हसतोय.

आप्पा बोलले. उद्या सकाळी कारखान्याच्या फाटकापुढे सगळ्यांनी उभं राहायचं. आठ तास मान्य केल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. सगळे बाहेर राहिले तर कोणाला काढता येणार नाही. "मी एकटा राहिलो तर माझं काम जाईल आणि ही खोलीही जाईल, कारण खोली ठेकेदाराची आहे. हे माहीत असून मी उभा राहणार आहे. कोण कोण येणार? हात वर करा."

सगळे हात वर झाले. बायकांचेही. खिडकीतून डोकावणाऱ्यांचेही. आप्पांनी एकेकाचा चेहरा नीट बघितला, मान हलवली आणि पुन्हा काडी धरली. हिरोची आई वाचली.

सोमवारी सकाळी फाटकापुढे आप्पा उभे होते, हाताला पट्टी बांधलेला हिलाल होता, ज्याचं काम आधीच गेलं होतं, आणि माय आणि मी. बाकीचे डबे घेऊन, ओळीने, खाली बघत आत गेले. कोणी धमकावलं नव्हतं. सुकदेव लांब पानाच्या टपरीवर उभा होता. त्याला काही करावंच लागलं नाही.

आप्पांनी भिकनला हटकलं. "भिकन, काल हात वर केला होतास."

"आप्पा," भिकन लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "तो तर सिनेमा चालू करायला केला होता."

त्याला लाज वाटली नव्हती, हे मी कधी विसरणार नाही. त्याला वाटत होतं की सौदा झाला: त्याने हात दिला, आप्पांनी चित्र दिलं, फिट्टंफाट. उलट आप्पाच ते खरं मानून बसले, याचं त्याला नवल वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत आमचं सामान बाहेर होतं. त्याच आठवड्यात सुकदेवने छपरावर उंच पाइप आणि बूस्टर लावला. पत्रा फाटला नाही. काडी धरायला माणसाची गरज उरली नाही. चाळीला मुंबईचं मराठी दिसू लागलं आणि चाळ सुकदेवला दुवा देऊ लागली.

आम्ही जवळच्या खेरडी गावी गेलो. एका शेतकऱ्याने गोठ्याशेजारची खोली दिली. आप्पांना सिल्वासात एका छापखान्यात काम मिळालं. लग्नपत्रिका छापायच्या, आणि उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर स्वतःची पत्रकं. हिलाल तुमच्याकडे परत आला. त्याला तुम्ही काय विचारलंत ते त्याने मला पत्रात कळवलं होतं. तेच. टीव्ही रंगीत आला का?

आता आमलीत खोलीखोलीत केबल आहे. छपराछपरावरून काळ्या वायरी लोंबतात. राखोलीची पाळी अजून बारा तासांचीच आहे. भिकन मला बाजारात भेटतो, ओरडून बोलतो, कारण त्याला आता ऐकूच येत नाही, आणि त्याच्या टीव्हीवर किती चॅनल लागतात ते अभिमानाने सांगतो. नाना दिवाळीला येऊन गेले. आमच्या खोलीत नजर फिरवून म्हणाले, "एवढी वर्षं इथे राहून साधा टीव्ही नाही घेतला तू?" आप्पांनी त्यांना पाणी दिलं. मी दिलं नसतं.

तुम्ही लिहिता की आता परत या, घर कसंही असलं तरी आपलं असतं. ज्या गावात आप्पांच्या शेजारी कोणी उभं राहिलं नाही ते माझं घर नाही. ज्या चाळीत सगळे हात खोटे निघाले तीही नाही. बराच काळ मला वाटायचं, आपल्याला घरच नाही, आणि ते एका अर्थी स्वच्छ आहे.

पण खेरडीत आमची शेजारीण आहे, जमनाबेन. तिने यंदा जुना काळा-पांढरा टीव्ही आणला, आतल्या अँटेनाचा. केबल इथवर आलेली नाही. आणि मुंग्या त्याच. कोणीतरी तिला आप्पांच्या हाताबद्दल सांगितलं, म्हणून ती त्यांना बोलवायला आली. "आप्पा, जरा हात लगाडो ने."

माझं डोकं फिरलं. आप्पा मात्र चप्पल घालून निघाले. आता ते अट आधीच सांगतात: पहिल्यांदा पाच मिनिटं माझी, मग तुमचा सिनेमा. त्या पाच मिनिटांत ते हातातलं पत्रक वाचतात, आणि लोक जांभया देतात. हात वर करायला ते कोणालाच सांगत नाहीत. मी दाराशी उभी राहून त्या जांभया मनात लिहून ठेवते. माफ मी कोणालाच केलेलं नाही, आणि करणारही नाही.

मागच्या रविवारी सिनेमा ऐन रंगात होता. जमनाबेनची सून नुकतीच राखोलीच्या कारखान्यात लागली आहे. पडद्यावरची नजर काढून ती एकदम म्हणाली, "आप्पा, ते आठ तासांचं तुम्ही म्हणता, ते बायकांनाही लागू असतं का?"

उत्तर द्यायला आप्पांनी काडीवरचा हात काढला. पडदा मुंग्यांनी भरून गेला. आता कोणीतरी ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले. खोलीत कोणी ओरडलं नाही.