आम्ही तिला चक्कर म्हणायचो

गुरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं काढली. संगमनेर तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यांत माझी एक सवय माहीत आहे. जनावराला हात लावण्याआधी मी विचारतो, "मागच्या वेताला काय झालं होतं?" एका वेताला गाय व्यायल्यावर उठेना झाली असेल, तर पुढच्या वेताला आधीपासून लक्ष ठेवावं लागतं. एकदा एक म्हातारा शेतकरी हसून म्हणाला होता, "सायेब, बायकूच्या बाळंतपनाचं न्हाई ध्यानात, पन गाईचं सगळं सांगतो बघा." गोठ्यातले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

आमच्या पहिल्या मुलीच्या वेळची गोष्ट. आठवा महिना होता. बायकोचं माहेर जवळच, पण डोहाळजेवण आमच्याकडेच झालं. हिरव्या बांगड्या भरायला कासारीण आली, तर बांगडी मनगटावर चढेना. साबण लावला तरी तीन फुटल्या. "बाळाआधी आईनंच बाळसं धरलंय," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. ती संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, डोकं लई ठणकतंय. डोळ्यांपुढं चमकतंय." मी म्हणालो, दिवसभर बसून राहिलीस, झोप. पाय दाबले तर बोटाचा खड्डा पडत होता, हे मी पाहिलं होतं. गाभण गाईच्या कासेला अशी सूज दिसली की मी वहीत नोंद करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तिला झटके आले. दातखीळ बसली, डोळे फिरले. शेजाऱ्यांच्या जीपमधून गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगी दीड किलोची झाली, काचेच्या पेटीत राहिली, जगली. आईही जगली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लिहिलं आणि तोंडानंही सांगितलं, "बीपी वाढून झटके आले होते. आता उतरलंय, पण दर वर्षी तपासत राहा. अशा बायकांना पुढं हृदयाचा त्रास होऊ शकतो. विसरू नका."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं होतं, असं आता वाटतं. मी ते लपवलं.

माझी आई दवाखान्यातून परतताना जीपमध्येच म्हणाली होती, "झटके-बिटके कुनाला बोलू नको. फिट येती म्हनत्याल. हिच्या माहेरानं फसवून दिली म्हनत्याल, आन उद्या पोरीची सोयरीक कोन करंल? चक्कर आली हुती म्हनायचं." मला ते पटलं. आईच्या डोक्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. मी शिकलेला होतो, बीपीचे झटके आणि फिटचा आजार यांतला फरक मला कळत होता. तरी मी ते कार्ड घरात ठेवलं नाही. माझ्या गुरांच्या दवाखान्यातल्या कपाटात, लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरांमागे ठेवून दिलं. घरात पुढं "ती चक्कर आली तेव्हा" असंच बोलणं होत राहिलं. बायकोही तसंच म्हणायला लागली. तिचं बीपी दर वर्षी कुणी पाहिलं नाही. दुसरी मुलगी व्यवस्थित झाली, तेव्हा तर आम्ही सुटलोच असं मानलं.

तीन वर्षांपूर्वी तिला कणीक मळताना धाप लागायला लागली. पाठीत, खांद्यांच्या मधोमध दुखायचं. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. एका सकाळी ती ओट्याशी घामानं भिजून बसलेली सापडली. नगरला नेलं. हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्या उशाशी उभं राहून विचारलं, "गरोदरपणात बीपी वाढलं होतं? झटके?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही. एकदा अशक्तपणानं चक्कर आली होती."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरलीचं लग्न होऊन ती श्रीरामपूरला नांदत होती. त्या खोट्याची कुणालाही गरज उरली नव्हती. जिभेला वळण पडलं होतं, एवढंच.

रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. वॉर्डात आणल्यावर तिनं चादर अंगावर ओढून घेतली. मग म्हणाली, "अजून चक्करच म्हणायची का?"

रागानं म्हणाली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती नुसतं विचारत होती, पुढं काय सांगायचं ते ठरवून घ्यावं म्हणून. त्याच दुपारी मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "हे आधीपासून कळलं असतं तर बीपीवर इतकी वर्षं लक्ष ठेवता आलं असतं," एवढंच म्हणाले आणि फाईलमध्ये लिहून घेतलं. मी परत येऊन दवाखान्यातल्या रजिस्टरांमागचं कार्ड काढलं. कडा कुरतडलेल्या होत्या, पण अक्षर वाचता येत होतं.

पण थोरलीला मी तेव्हाही सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणत राहिलो. आता तिला पाचवा महिना आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "पप्पा, स्पीकरवर आहे हं. डॉक्टर मॅडम विचारतायत, माझ्या वेळी आईला काही त्रास झाला होता का? मी म्हटलं, चक्कर आली होती."

मागे तिच्या सासूबाईंचा आवाज येत होता, कसल्याशा गोळ्यांबद्दल. म्हणजे त्याही ऐकत होत्या.

"चक्कर नव्हती," मी म्हणालो. "बीपी वाढून झटके आले होते. कार्ड माझ्याकडे आहे, फोटो पाठवतो. इतकी वर्षं मीच खोटं सांगितलं."

सासूबाईंचं गोळ्यांबद्दलचं बोलणं तिथंच थांबलं. मला वाटलं, आता काय ते ऐकावं लागेल. समोर बायको वाटाणे सोलत बसली होती. तिनं हात पदराला पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"अगं ऐक," ती म्हणाली. "हातातल्या बांगड्या घट्ट होतायत का गं तुला?"