सायकलवाल्याचा शेवटचा भाग

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या आणि फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईला सगळे काचताई म्हणत. नंबर कितीही अवघड असो, तिच्या हातून काच तडकली असं क्वचितच व्हायचं. घरची लेक मात्र हाताला लागत नव्हती. कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून घ्यायची.

"आत करतेस तरी काय दिवसभर?" असं विचारत काचताई एकदा सरळ आत शिरली आणि पलंगावर बसली. लेकीच्या लॅपटॉपवर मोठ्या डोळ्यांचा एक चितारलेला पोरगा सायकल ढकलत होता.

"कार्टून बघतेस? या वयात?"

"कार्टून नाही गं आई, ॲनिमे. जपानी मालिका समज."

"बरं, मालिका. हा खोकतोय का असा?"

तिथून ते सुरू झालं. पोरगा पोरका होता. पहाटे सायकलवरून पेपर टाकायचा, दिवसा शाळा करायचा आणि संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात पाऊल टाकताना म्हणायचा, "आलो."

"घरात कुणी नाही, मग सांगतो कुणाला?"

"त्यांच्यात तशी पद्धत असते."

"असेल. पण सांगतो कुणाला?"

पुढच्या भागात त्याने दार उघडून "आलो" म्हटलं, आणि काचताईच्या तोंडून आपसूक निघालं, "ये रे बाबा." लेक पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीचं दार उघडं होतं.

खरी मेख पुढेच होती. खाली इंग्रजी ओळी यायच्या त्या पळत. काचताई मराठी शाळेत शिकलेली. एक ओळ अक्षरं जुळवून वाचेपर्यंत दोन निघून गेलेल्या असायच्या. म्हणून लेक त्या मराठीत बोलून दाखवायची. पोरगा लेकीच्याच आवाजात रुसायचा, चिडायचा, "आलो" म्हणायचा. त्याचं जपानी नाव काही काचताईच्या जिभेवर बसलं नाही. ती त्याला सायकलवालाच म्हणायची.

शेवटचा भाग यायच्या आधीच लेकीला नर्सिंगला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला. बसपाशी बॅगा चढवताना लेकच म्हणाली, "शेवटचा भाग एकत्र बघायचा हं. एकटीने तूही नाही, मीही नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

लेकीच्या दृष्टीने ते नुसतं बोलणं होतं. काचताईच्या दृष्टीने ती शपथ होती.

तिने ती पाळली, आणि पाळताना तिचा जीव मेटाकुटीला आला. काउंटरवरची पोरगी तीच मालिका बघायची. तिने "ताई, शेवट बघितलात का?" म्हणून तोंड उघडलं की काचताई घासायचं मशीन चालू करायची, समोर काच असो वा नसो. मालक ओरडले, "ताई, रिकामं मशीन का फिरवताय?" आता त्यांना काय सांगणार!

घरी नवऱ्याला तर आयतं कोलीतच मिळालं होतं. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि घरी आल्यावर चेष्टेचं. "काय गं, तुझा जपानी मुलगा जेवला का?"

"त्याचा खोकला वाढलाय," ती म्हणायची.

ती संध्याकाळी देवापुढे हात जोडायची तेव्हा लेकीच्या परीक्षेनंतर सायकलवाल्याच्या खोकल्याचं सांगायची. नवऱ्याने ते एकदा ऐकलं. "अगं, त्याचं जे व्हायचं ते केव्हाच काढून झालंय. देव आता काय रबराने खोडणार आहे?"

तिला राग आला, आणि जास्त राग याचा आला की त्याचं म्हणणं बरोबर होतं. तरी तिने हात जोडायचं सोडलं नाही.

सुट्टीला लेक आली. काचताईने त्या दिवशी रजा काढली होती. चहा झाला, तशी ती पदर सावरून पलंगावर बसली. "लाव आता."

"काय लावू?"

"काय म्हणजे? सायकलवाला."

"अय्या, ते! अगं, ते मी हॉस्टेलवर मैत्रिणींबरोबर कधीच बघितलं. काय रडलो होतो आम्ही! शेवटी मरतो ना तो."

काचताई कप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि एकदा धुतलेला कप परत धुतला.

"आई, चिडलीस? अगं, खरा का आहे तो!"

"शपथ खरी होती ना?" ती आतूनच म्हणाली. "ती कुणी काढलेलं चित्र नव्हती."

लेक वरमली. "चल ना, आता बघू. मी वाचून दाखवते."

बघितलं. पण लेकीला सगळ्या ओळी पाठ. पोरगा तोंड उघडायच्या आत ही बोलून मोकळी. वर, "आता बघ, इथे रडू येतं," असं सांगायची. सायकल भिंतीला टेकलेली दिसली, घराचं दार उघडं दिसलं, "आलो" म्हणणारं कुणी नव्हतं. काचताई डोळे ताणून बघत राहिली. टिपूसही आलं नाही. इतके महिने सांभाळून ठेवलेलं रडू कुणीतरी आधीच सांडून टाकलं होतं.

"रडली नाहीस?" लेकीने नवलाने विचारलं.

"तू ठेवलंस काय रडायला?"

सुट्टी संपून लेक गेली. काचताई कामाला लागली. एका लहान मुलाच्या चष्म्याची काच घासताना, काही कारण नसताना, तिला ती भिंतीला टेकलेली सायकल दिसली, हात हलला आणि काच कडेला तडकली. मालकांनी कपाळावर हात मारला. तिला वाटलं, सांगावं, घरचं कुणीतरी गेलंय. मग तिने मुकाट्याने दुसरी काच घेतली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, अजून राग आहे?"

"आहे."

"दुसरी एक मालिका आहे. एक आजी बंद पडलेल्या स्टेशनवर राहते. तुला आवडेल. सुट्टीत बघूया?"

"आधी सांग. तू बघितलीस का?"

"अर्धी."

"मग तिथेच थांब. मी तिथवर आल्याशिवाय एक भाग जरी पुढे गेलीस, तरी माझ्याशी गाठ आहे."

"नाही जात. देवा—"

"देवाला मध्ये आणू नकोस," काचताई म्हणाली आणि फोन ठेवला.