पडवीतली ममी

एकतीस वर्षं मी श्रीवर्धनला इतिहास शिकवला आणि माझा तास शेवटपर्यंत कोणीही ऐकला नाही. निवृत्त झाल्यावर एवढीच इच्छा उरली, की एकदा, फक्त एकदा, कोणीतरी माझं सगळं ऐकून घ्यावं. म्हणून पडवीत इजिप्तचं संग्रहालय काढलं!

ममी घरीच बनवली. आत वाडीतल्या सुपारीच्या झावळ्या, वरून जुन्या धोतराच्या पट्ट्या. "माझ्या गादीवर मढं ठेवायचं न्हाय!" असं बजावून बायको, सुलभा, कोणाला न सांगता तणतणत दिघीला बहिणीकडे निघून गेली. मग ममी जमिनीवरच आडवी केली. धोतराला डांबरगोळ्यांचा वास येत होता, म्हणून उशाशी उदबत्ती लावली.

उद्घाटनाच्या सकाळी शेजारचा पांडू कुंपणावरून डोकावला आणि बोंबलत पळत सुटला. अर्ध्या तासात पडवी भरली! (बाहेर 'संग्रहालय' असा फलक होता. पण वाचतो कोण?) माणसं चपला बाहेर काढून, माना खाली घालून बसली. इतकी शिस्त शाळेत कधी नव्हती. मला अगदी भरून आलं.

"सर, कधी झालं हो?" पांडूने हळूच विचारलं.

"साडेतीन हजार वर्षं झाली!"

"धक्का बसलाय त्यांना," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"तुमच्या पोरीला कळवलंत काय?" पांडूने पुन्हा विचारलं.

"तिला कशाला? तिला यात काडीचा रस नाही!"

बायका हुंदके देऊ लागल्या. मी रंगात आलो. "आधी मेंदू नाकातून बाहेर ओढायचा!" म्हणताच पांडूची बायको किंचाळली, पण जागची उठली नाही. पाऊण तास झाला तरी कोणी हललं नाही. माझा इतिहास ऐकून लोक रडत होते हो!

एवढ्यात रिक्षा थांबली. पिशवी घेऊन सुलभा दारात उभी. "अगो बाय! कोण गेलं?"

"वैनी जित्ती हाय!" पांडू ओरडला आणि क्षणात अर्धी पडवी रिकामी झाली. अंगणात दोघं बांबू तासत बसले होते, तेही उठले.

"अहो थांबा, पिरॅमिड राहिलेत!" मी हात जोडले.

पांडू चपला शोधत म्हणाला, "सर, वैनींची मयत समजून बसलो. मयत उचलल्याबिगर उठता येत न्हाय. न्हायतर येवढं कोण ऐकतंय?"

मी ममीशेजारी जाऊन बसलो. शेवटपर्यंत न उठणारी माणसं आता मला आयुष्यात एकदाच मिळणार. पण त्या दिवशी जमिनीवर मीच आडवा असेन, आणि पिरॅमिड तेव्हाही राहूनच जातील!