आमच्या ह्यांची समाधी

आमचे हे, संघपाल गजभिये, मूळचे भंडाऱ्याचे, आता गाझियाबादचे. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहेत आणि कुठेही झोपू शकतात. मेट्रोत उभ्याने झोपतात, न्हाव्याच्या खुर्चीत झोपतात. एकदा तर माझ्याशी भांडता भांडता झोपले, तेही मी जिंकत असताना! असा संताप आला म्हणून सांगू.

घोरणं असं, की खालच्या मजल्यावरची निधी विचारते, "आंटी, आपके यहाँ रात को मिक्सर कौन चलाता है?" घोरण्याचं मला काही वाटत नाही. घोरतायत तोवर बरंच. पण मधेच ते थांबतं ना, त्याची मला भीती. घुर्रर्र, घुर्रर्र, आणि एकदम काहीच नाही. श्वासच नाही! मी मोजते, दहा, वीस, पंचवीस, आणि मग कोपराने ढोसते. गचका बसतो आणि गाडी पुन्हा सुरू. अकरा वर्षं हेच. सकाळी त्यांचं डोकं जड, गोळ्या घेऊनही बीपी चढलेलंच. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, झोपेची तपासणी करून घ्या. तर हे म्हणतात, "मी घोरतच नाही. मी ऐकलंय का कधी?" आता याला काय बोलायचं, कप्पाळ!

त्यात विहाराने घोळ घातला. दर रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतल्या बुद्ध विहारात आनापान असतं. तासभर डोळे मिटून बसायचं आणि आपला येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. बाकी सगळ्यांची चुळबुळ चाललेली असते. कुणाला मुंग्या येतात, कुणाला खोकला. हे मात्र भिंतीला टेकले की पाचव्या मिनिटाला ढिम्म. विहार समितीचे अध्यक्ष रावसाहेब तर भारावूनच गेले. "अहो, काय साधना! आधी दीर्घ श्वास, मग श्वास शून्य! विनयाताई, नशीबवान आहात तुम्ही."

झालं! लोक ह्यांच्या शेजारची जागा धरायला लागले. मी घरी म्हटलं, "अहो, ही समाधी नाही, झोप आहे. तपासणी करा, नाहीतर एक दिवस मला तुमची खरीच समाधी बांधावी लागेल."

"अच्छा! म्हणजे सगळं विहार वेडं आणि तू एकटी शहाणी?"

मग एप्रिलमध्ये व्हायचं तेच झालं. हे आमच्या लेकीला, श्रावस्तीला, कोचिंगला सोडायला निघाले होते. लाल सिग्नलला ह्यांना डुलकी लागली, ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी हळूच पुढे जाऊन शिकंजीवाल्याच्या ठेल्याला टेकली. सगळी लिंबं रस्त्यावर. शिकंजीवाला ओरडला, "बाबूजी, आँख बंद करके गाड़ी कौन चलाता है?" आणि आमचे हे काय म्हणाले असतील? "भैया, मैं साँस देख रहा था."

घरी ऐकताना मला आधी हसू आलं. मग श्रावस्ती म्हणाली, "आई, ठेला नसता ना, तर पुढे बस होती."

पुढच्या रविवारी नागपूरहून एक भंतेजी आले. रावसाहेबांनी ह्यांना अगदी पुढे बसवलं, प्रदर्शनातल्या आंब्यासारखं. भंतेजींनी डोळे मिटलेच नाहीत. ह्यांच्याकडे बघत बोटांवर मोजत राहिले. तीसच्या पुढे गेले असतील, तेव्हा ह्यांना गचका बसला आणि हे जागे झाले.

"उपासक, आनापानात श्वास बघायचा असतो," भंतेजी म्हणाले, "बंद करायचा नसतो."



"हे ध्यान नाही, आजार आहे. माझा सख्खा भाऊ असाच 'गाढ झोपतो' म्हणून सगळे कौतुक करायचे. हृदयावर ताण येत राहिला, कुणी लक्ष दिलं नाही. एके दिवशी लकवा मारला आणि गेला." मग माझ्याकडे वळले. "उपासिका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"अकरा वर्षं," मी म्हटलं. "श्वास थांबला की मोजते आणि ढोसते."

"रावसाहेब," भंतेजी म्हणाले, "तुमच्या विहारात आनापान करणारी ही एकटीच दिसते. फक्त श्वास दुसऱ्याचा."

मला रडूच फुटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. सोमवारी स्वतःहून रजा टाकून तपासणीला गेले.

तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडकत होता! आता झोपताना मशीन लावतात, नाकावर मास्क आणि मागे नळी. श्रावस्ती म्हणते, बाबा लढाऊ विमान चालवायला निघाले. पहिले चार दिवस त्या नळीला इतक्या शिव्या घातल्या, विचारू नका. पण डोकं दुखायचं थांबलं, बीपी उतरायला लागलं, आणि भांडणात हल्ली शेवटपर्यंत जागे असतात. ते एक वाईटच झालं.

विहारात मात्र अब्रू गेली. दर दोन मिनिटांनी पाय बदलतात, एक डोळा उघडून घड्याळ बघतात. रावसाहेब हळहळतात, "काय साधना होती हो!"

गेल्या रविवारचं मला श्रावस्तीने सांगितलं. म्हणे मी भिंतीला टेकले आणि पाचव्या मिनिटाला ढिम्म. रावसाहेब हरखून कुजबुजले, "ताईंना समाधी लागली!" आणि मला जवळून बघायला पुढे सरकले, तर ह्यांनी त्यांचा हात धरला. "उठवू नका. अकरा वर्षांची झोप आहे तिची." मग चुळबुळ न करता तासभर माझा श्वास बघत बसले.

मी घोरत होते, असंही म्हणतात. साफ खोटं! मी ऐकलंय का कधी?